फिलिपिन्समध्ये बेरोजगारी चार टक्के, मग तिथली माणसं बाहेर काहून जातात?

दिग्रसचा पोट्टा:
एम.ए. अर्थशास्त्राला आहे. सेमिनारला सरांनी फिलिपिनो कामगारांच्या बेरोजगारीची कारणं हा विषय दिला. आकडे काढले तर २०२३ ला दर चार टक्क्यांच्या जरासा वर. एवढा तर चांगलाच म्हणायचा न? आणि माझा चुलतभाऊ मस्कतहून सांगते, की त्याच्या हॉटेलात अर्धा स्टाफ फिलिपिनो, अन् काउंटरवर बसणारी पोरगी नर्सिंगची डिग्रीवाली. घरी काम असताना कोणी एवढ्या दूर काहून जाईल? नेटवर भ्रष्टाचार, लोकसंख्या, शिक्षणाचा अभाव ही एकच यादी जिकडेतिकडे चिकटवली आहे. शिक्षणाचा अभाव म्हणावं तर ती पोरगी नर्स आहे! कोणाला आतलं माहीत असेल तर सांगा.

पांढरं सोनं:
लोकसंख्या, दुसरं काय. खाणारी तोंडं जास्त अन् काम कमी. लिहून टाक अन् मोकळा हो.

आर्वीचा वायरमन:
भाऊ, लोकसंख्येवर ढकललं की विचार करायचं काम राहत नाही, म्हणून सगळे तेच लिहितात. २०२० च्या जनगणनेत ते अकरा कोटींच्या जवळ होते, हे खरं. पण २०२२ च्या त्यांच्या पाहणीत एका बाईमागे मुलांची सरासरी १.९ वर आली. पाळणा लांबला, तरी विमानतळावरची रांग काही कमी झाली नाही.

मी आयटीआय करून दोह्याला एका मेंटेनन्स कंपनीत होतो. खोलीत माझ्या वरच्या बंकवर फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावरचा एक जण राहायचा. शिकलेला नर्स, काम स्टोअरकीपरचं. पलंगाच्या पायथ्याशी त्याचा पुठ्ठ्याचा मोठा खोका कायम उघडा. महिनोन्‌महिने त्यात एकेक वस्तू पडायची. साबण, टूथपेस्ट, बीफचे डबे, पोरीचे बूट. बुटात मोजे, मोज्यात चॉकलेट, बोटभर जागा रिकामी जाऊ द्यायचा नाही. खोका भरला की चिकटपट्टी मारून जहाजानं घरी. मग दुसऱ्याच दिवशी नवा खोका उभा. त्याच्याकडून जे ऐकलं अन् नंतर वाचलं ते सांगतो.

आधी तुझा चार टक्के. सर्वेवाला विचारते, मागच्या आठवड्यात काम केलं का? एक तास जरी केलं असेल तरी माणूस कामावर धरला जाते. आपल्याकडच्या आठवड्याच्या मोजणीतही हेच आहे. गरिबाले घरी बसणं परवडते कुठं? तो तीनचाकी चालवते, बायको घराच्या खिडकीतून शाम्पूच्या पुड्या विकते. दोघंही सरकारी हिशोबात रोजगारवाले. तू त्याच तक्त्यात खालची ओळ पाह्य, काम असून आणखी काम पाहिजे असं सांगणाऱ्यांची. २०२३ ला ते कामावरच्या लोकांपैकी १२ टक्क्यांच्या आसपास होते. सेमिनार त्या ओळीवर उभा कर.

मग येते पाच महिन्यांची नोकरी. त्यांच्या कायद्यात सहा महिन्यांचं प्रोबेशन पुरं झालं की कामगार पर्मनंट. म्हणून मालक पाचव्या महिन्यातच हिशोब करून वाटेला लावते. यालाच तिथं ‘एन्डो’ म्हणतात. आमचा नेग्रोसवाला आधी मॉलमध्ये असाच पाच-पाच महिने फिरला होता. दर वेळी नवा अर्ज, नवी मेडिकल, नवे फोटो, खर्च स्वतःचा. दुतेर्तेनं २०१६ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत हे बंद करतो म्हणून मतं मागितली अन् निवडून आला. २०१९ ला संसदेनं तसं बिल मंजूर करून पाठवलं, तर यानंच ते परत केलं!

नर्सिंगचं सांगतो. अमेरिकेले, इंग्लंडले नर्स पाहिजे म्हणून कॉलेजांवर कॉलेजं निघाली. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेनं हात आखडला अन् लायसन्स घेतलेली हजारो पोरं-पोरी घरी बसली. बाहेर जायले अनुभव लागते, म्हणून हॉस्पिटलात फुकट राबायची. काही ठिकाणी तर उलटे हॉस्पिटललेच पैसे भरून. तिकडे खेड्यातल्या दवाखान्यात नर्स नाही, कारण जागा भरत नाही अन् भरली तर पगार पुरत नाही. याले शिक्षणाचा अभाव कोण म्हणते?

आमच्या नेग्रोसवाल्याचा बाप उसाच्या मळ्यात मजूर. जमीन मोठ्या घराण्यांची. तोडणी आटोपली की पुढच्या हंगामापर्यंत हाताले काम नाही, दुकानदाराच्या वहीवर घर चालते. १९८० च्या दशकाच्या मध्यात साखरेचा भाव कोसळला, तेव्हा त्याच बेटावर लेकरं भुकेनं गेली. १९८८ पासून जमीनवाटपाचा कायदा आहे, पण कागद मिळून भांडवल नाही मिळालं तर शेत पुन्हा जुन्याच मालकाले कसायले देणारे तिथंही आहेत. देशातले पाचातल्या एकापेक्षा जास्त कामगार अजून शेतीत, अन् देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली.

तिथून निघून जाईल कुठं? कारखाने पुरेसे आलेच नाहीत. वीज महाग, देश हजारो बेटांचा. निर्यातीत इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा मोठा आहे, पण उसाच्या मजुराले चिपच्या फॅक्टरीत कोण घेते? कॉल सेंटरात लाखो नोकऱ्या आहेत, त्या इंग्रजी फाडणाऱ्या शहरी पोरांले.

अन् १९७४ विसरू नको. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मार्कोस, त्याच्या लेबर कोडमध्ये माणसं बाहेर पाठवणं हे सरकारचंच काम ठरलं. आखातात तेव्हा तेलाचा पैसा वाहत होता. बाहेरच्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा २०२३ ला ३,३०० कोटी डॉलरच्या वर होता, देशाच्या उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या जवळ. माझं मत विचारशील तर, दर महिन्याले घरबसल्या एवढा पैसा येत असेल, तर सरकारले कारखान्याची घाई काहून राहील?

झेरॉक्सवाली ताई:
नर्सिंगचं वाचून आमची डी.एड. आठवली. आमच्या तालुक्यात तेव्हा पानठेल्यांएवढी डी.एड. कॉलेजं होती. डोनेशन भरून शिकलो, मग शिक्षकभरतीच थांबली. आता मी सेतूच्या बाजूले झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरते. त्यातही निम्मे फॉर्म भरतीचेच! सर्वेवाला आला तर मीही रोजगारवालीच. दादा, तिकडं रोजगार हमीसारखं काही आहे का?

आर्वीचा वायरमन:
ताई, ‘तुपाद’ नावाची योजना आहे. काम गेलेल्याले थोडे दिवस गटार उपसणं, झाडू मारणं असं काम अन् किमान वेतन. पण मागितलं म्हणून मिळालंच पाहिजे असा हक्क नाही. यादी वरून ठरते, अन् यादीत नाव कोणाचं घालते हे तुम्हाले मी काय सांगू.

दिग्रसचा पोट्टा:
दादा, एवढं तर सरही सांगत नाहीत. वादळांचा काही संबंध आहे का? अन् २०२० चा आकडा एकदम १७ च्या वर दिसते, तो चुकीचा आहे का?

आर्वीचा वायरमन:
बरोबर आहे तो. एप्रिल २०२०, कडक लॉकडाऊन. वाहतूक बंद, मॉल बंद, रोजंदारीवाले सगळे घरात, म्हणून १७.६.

वादळाचा संबंध आहे, पण सगळीकडे सारखा नाही. वर्षाले वीसेक वादळं त्यांच्या हद्दीत येतात. नोव्हेंबर २०१३ चं हैयान पाह्य, ते त्याले योलांडा म्हणतात. सहा हजारांवर माणसं गेली, नारळाची झाडं कोटींनी आडवी झाली. धान पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते. नारळ फळाले यायले सहा-सात वर्षं. तोवर नारळावरचा मजूर मनिलाच्या बांधकामावर.

अन् एक ध्यानात ठेव. एप्रिल २००५ ला त्यांनी बेरोजगाराची व्याख्या बदलली. कामाले लगेच तयार नसलेला माणूस तेव्हापासून गणतीतून बाद, म्हणून दर कागदावर एकदम उतरला. त्याआधीचे अन् नंतरचे आकडे एका आलेखात जोडू नको, तोंडी परीक्षेत बाहेरचे सर तिथंच पकडतील.

पांढरं सोनं:
मी तर लोकसंख्या म्हणून मोकळा झालो होतो बावा. ते कागद मिळून शेत पुन्हा मालकाकडे जाते म्हणाले, ते जरा खुलवून लिहा न.