भुंगेऱ्याच्या रंगावर जाऊ नका
वाळव्याकडे कडुनिंबावर सापडलेले भुंगेरे मोठे आणि तपकिरी, म्हणून ते होलोट्रिकिया सेराटाच (हुमणीची एक जात), असं एका पोस्टमध्ये ठरवलंय. होलोट्रिकिया या वंशापर्यंत ठीक, पण नेमकी जात ठरवायला हे पुरत नाही. नुकताच जमिनीतून निघालेला भुंगेरा फिकट असतो, आकारही कमी-जास्त होतो. होलोट्रिकियाच्या जवळच्या जाती वरून जवळपास सारख्या दिसतात. खात्रीचा फरक नराच्या जननांगात, त्याच्या टोकाच्या दोन कडक फाकांच्या आकारात असतो. बाकीचं अंग सारखंच राहून हा एवढा भाग जातीगणिक बदलतो. 1844 साली कीटकतज्ज्ञ लिओं द्युफूर यांनी त्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली होती, म्हणजे नराचा भाग त्याच जातीच्या मादीत बसतो; पण आज मादीच्या निवडीचं स्पष्टीकरण, म्हणजे माद्या काही नरांना झुकतं माप देतात म्हणून हा भाग बदलत जातो, हे जास्त पटतं.

हा भाग बघायचा तर वाळलेला नर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. टोक वाकवलेली टाचणी पोटाच्या शेवटच्या दोन पट्ट्यांमध्ये घालून जननांग हळू ओढा. न भिजवता ओढलं तर फाका बुडातून तुटतात. मग 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, काही मिनिटं. स्नायू विरघळले की लगेच बाहेर! जास्त वेळ राहिलं तर रंग उडतो, सांधे सुटतात आणि कडाच दिसत नाहीत. पाण्यात दोन थेंब व्हिनेगर घालून धुवा, ग्लिसरीनमध्ये ठेवून वरून, खालून आणि बाजूनं फोटो घ्या. एकाच बाजूच्या फोटोवरून नाव सांगणं मला धोक्याचं वाटतं. जननांग ठेवलेली ग्लिसरीनची बारीक कुपी, तो भुंगेरा ज्या टाचणीवर टोचून ठेवलाय तिलाच लावा, नाहीतर कुठला भाग कुणाचा हेच उरत नाही.