फ्लोराइडच्या नळीतही साखर घटते
रक्त तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या राखाडी टोपणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असल्यामुळे रक्तातील साखर नमुना घेतल्या क्षणी होती तेवढीच राहते, असे मानले जाते. ते निम्मेच खरे आहे. फ्लोराइड एनोलेज या विकराला अडवते हे बरोबर (फॉस्फेटच्या साथीने ते त्याच्या क्रियास्थळावरील मॅग्नेशियमला धरून बसते), परंतु ग्लायकोलिसिसच्या (पेशी ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवतात त्या प्रक्रियेच्या) 10 पायऱ्यांपैकी एनोलेजची पायरी नववी आहे. ग्लुकोजला फॉस्फेट जोडून ते पेशीत अडकवणारे हेक्सोकायनेज हे विकर पहिल्याच पायरीवर असते आणि ते फ्लोराइडला फारसे जुमानत नाही. त्यामुळे तांबड्या पेशींतील एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) संपत येईपर्यंत, म्हणजे पहिले एक-दोन तास, ग्लुकोज जवळपास साध्या नळीतल्याइतक्याच वेगाने घटत राहते.

खोलीच्या तापमानाला ही घट साधारण ताशी 5 ते 7 टक्के असते. उपाशीपोटी 128 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असलेली साखर नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत 120 वर आली, तर 126 ही मधुमेहाच्या निदानाची सीमा हुकते, आणि अहवालावर तसे काहीच दिसत नाही. सायट्रेट बफर असलेल्या नळीत आम्लता वाढून हेक्सोकायनेज आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज ही सुरुवातीच्या पायऱ्यांवरची विकरे लगेच मंदावतात; तशी नळी नसेल तर नमुन्याची नळी बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात रक्तद्रव वेगळा करावा. लॅक्टेटच्या तपासणीला मात्र फ्लोराइड चोख उपयोगी पडते, कारण लॅक्टेट एनोलेजच्या पुढच्या टप्प्यात तयार होते.