तुमच्या घरची संकष्टी

संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, पण तिथी सूर्योदयाची नाही, चंद्रोदयाची धरायची. उपासही चंद्र पाहूनच सुटतो. सासूबाई गेल्यावर तो माझ्याकडे आला. कोणी मला कर म्हटलं नव्हतं. त्या महिन्यात ताम्हन घासताना वाटलं, आज राहू द्यायची नाही. तुम्ही का धरलीत, कशी करता, कधी सोडावी लागली का? लिहा.

नागपूर: आमच्याकडे साबुदाण्याची उसळ, खिचडी नाही म्हणत. मुंबईहून सून म्हणून आले आणि पहिल्याच संकष्टीला मुंबईची वेळ धरून बसले. इथे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. सासरे म्हणाले, "पोरी, तो केव्हाचा येऊन बसला!"

रत्नागिरी: आषाढात चंद्र कुठला दिसायला. पंचांगातली वेळ झाली की आजी पडवीच्या कडेला उभी राहून पूर्वेकडे अर्घ्य द्यायची. पागोळ्यांचं पाणी ताम्हनात पडायचं. दिसत नाही त्याला पाणी का द्यायचं, असं मी एकदा विचारलं. "तो आहे तिथे आहे," म्हणाली आणि आत वरण-भात वाढायला गेली.

परभणी: एसटीत चालक होतो. चंद्र समोरच्या काचेतून दिसायचा, डबा मात्र मुक्कामी पोचल्यावर उघडायचो. वाहकाला उपास नसे, तरी तो जेवायचा थांबायचा.

लंडन: जूनमध्ये इथे चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. पहिल्या वर्षी भारतातल्या वेळेने उपास सोडला. मनाला लागून राहिलं. आता इथल्याच चंद्राची वाट पाहते. तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार. आईचा फोन येतो, "जेवलीस का गं?"

पुणे: मी इन्सुलिनवर आहे. एका अंगारकीला साखर इतकी उतरली की देव्हाऱ्यासमोरच कोसळले. मुलाने साखरपाणी पाजलं. डॉक्टरांनी उपास बंद केला. त्यानंतर कितीतरी महिने चतुर्थी आली की डोळे भरून यायचे. आता वेळेवर जेवते; संध्याकाळी एकवीस दूर्वांची जुडी वाहते आणि अथर्वशीर्षाची आवर्तनं करते, जमतील तेवढी. चंद्र पाहिल्याशिवाय मात्र झोपत नाही. नातू विचारतो, "आजी, तू जेवलीस ना, मग थांबलीस कशाला?" त्यालाही गॅलरीत घेऊन उभी राहते. हल्ली आधी त्यालाच दिसतो.