मदत हवी आहे: विज्ञान आणि कला शाखांसाठी एकत्र उपक्रम

नमस्कार. पुण्यातील एका महाविद्यालयात दोन्ही शाखांच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांचे अभ्यासमंडळ मी चालवते. शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांच्या १९५९ च्या केंब्रिजमधील ‘दोन संस्कृती’ या, विज्ञान आणि साहित्य यांच्यातील दरीवरच्या व्याख्यानावर चर्चा ठेवली. पण ऊष्मागतिकीचा (उष्णता आणि ऊर्जा यांच्या शास्त्राचा) दुसरा नियम ठाऊक नसणे हे शेक्सपिअर न वाचण्यासारखेच आहे, हा त्यांचा मुद्दा निघताच प्रत्येक जण आपल्या शाखेची बाजू लढवू लागला. एकमेकांच्या विषयांवर भाषणे ठेवली, तेव्हा निम्मा वर्ग नुसता श्रोता झाला.

म्हणून आता दा. ध. कोसंबी यांच्याकडे वळावे, असे मनापासून वाटते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या या अभ्यासकाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक (हस्तलिखिते ताडून पाहून ठरवलेली) आवृत्ती सिद्ध केली आणि आहत नाणी (ठसे उमटवलेली प्राचीन नाणी) तोलून इतिहासाचा शोध घेतला. चलनात फिरताना नाणे झिजते, त्यामुळे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते. त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो. येथे गणित आणि इतिहास यांपैकी एकावर भागत नाही.

सध्याची नाणी सालवार लावून डिजिटल काट्यावर तोलण्याचा विचार आहे. मात्र त्यात कला शाखेची मुले केवळ वजने टिपून घेणारी ठरतील, अशी चिंता वाटते. संस्कृत कोणाला येत नाही, संख्याशास्त्र सरासरीपुरतेच येते, वाचनसाहित्य मराठीतच हवे आणि खर्चाला तरतूद नाही. या मर्यादांत नाण्यांच्या वजनांसोबत कोणता ऐतिहासिक पुरावा वाचायला द्यावा, म्हणजे दोन्ही गटांना एकमेकांवाचून निष्कर्ष काढताच येणार नाही?