सरकारी वकिलांच्या ऑफिसात इंटर्नशिप: काय वाचून जाऊ?

लॉ_तिसरं_वर्ष: पाच वर्षांच्या कोर्सला आहे. साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात सरकारी वकिलांकडे इंटर्नशिप मिळालीय, सोमवारी रुजू व्हायचंय. खुनाचे खटले बघायला मिळतील म्हणून मुद्दाम मागून घेतली. अख्खी बीएनएस (भारतीय न्याय संहिता) वाचून जाऊ का? शिक्षण सगळं इंग्रजीतून झालंय, कागद कुठल्या भाषेत असतात?

एपीपी_ताई: मी स्वतः एपीपी, म्हणजे सरकारी वकीलच आहे, जिल्हा सांगत नाही. पाठांतर राहू दे. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला अजून भादंविच (जुनी दंड संहिता) लागते, त्यामुळे खुनाला जुनं ३०२ आणि नवं १०३ अशी दोन्ही कलमं कानावर पडतील. कलमांचा तक्ता मोबाईलमध्ये ठेव, भागतं. कागद मराठीत, तेही पोलिसी मराठीत. जुन्या केसमधलं हवालदाराचं अक्षर लागेपर्यंत आठवडा जातो.

खुनाचं म्हणशील, तर बराच वेळ जामीन अर्जांवर 'से', म्हणजे सरकारचं म्हणणं देण्यातच जातो. पण आलेल्या मुलांना मी एक काम हमखास देते: पुढच्या तारखेच्या साक्षीदारांचे जबाब आणि पंचनामे शेजारी ठेवून विसंगती काढ. निवेदन पंचनाम्यात आरोपी म्हणतो कोयता गोठ्यामागे लपवलाय, आणि जप्ती पंचनाम्यात तो ओढ्याकाठी सापडतो! बचावाचा वकील नेमकं हेच हेरून बसलेला असतो.

मग साक्ष ऐकायला बस. पंच सरळ म्हणतो, "पोलिसांनी सही करायला बोलावलं, केली." तो फितूर झालाच, पण डोळ्यांनी बघणारा चुलतभाऊही फिरला की खरं काम सुरू. आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची परवानगी मागायची. जबाबातला जो मजकूर तो नाकारतो तो त्याला वाचून दाखवायचा, त्या भागाला 'ए' असा मार्क पडतो. तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याच्याकडून तो भाग शाबीत करून घ्यायचा. तिथे विचारायचं राहिलं तर आधीची मेहनत पाण्यात. अंमलदाराच्या तारखेआधी सगळे मार्क पान नंबरासकट एका कागदावर काढून दे. साहेब इतके खूश होतील की तुला सोडणार नाहीत.

कोटवाला_२२: पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट. गळ्यातला पांढरा बँड नको, तो वकिलांचा. बार कौन्सिलच्या नियमाने वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर इंटर्नशिप करता येत नाही, आणि तुमच्या कोर्सला एकूण २० आठवडे भरावे लागतात. इंटर्नशिपच्या डायरीवर सही रोजच्या रोज घे. शेवटच्या दिवशी साहेब नेमके रजेवर असतात.

लॉ_तिसरं_वर्ष: ताई, साक्षीदार आधी ऑफिसात येतात तेव्हा मी त्यांच्याशी बोललो तर चालेल?

एपीपी_ताई: अजिबात नाही. बस आणि ऐक. तू सहज विचारशील, "कोयताच होता ना काका?" आणि उलटतपासणीत काका सांगतील, "त्या कोटवाल्या पोरानं सांगितलं." पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) केसेस इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालतात, बाहेर जा म्हटलं की मुकाट्याने जायचं. पीडितेचं नाव डायरीतही लिहू नकोस, ते छापणं बीएनएस ७२ खाली गुन्हा आहे. केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंदवही) टेबलावर दिसली तरी हात लावायचा नाही, आरोपीच्या वकिलालाही ती मागता येत नाही. आणि दोषारोपपत्राचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकलास, तर त्याच दिवशी घरी.