आईची कागदपत्रे आणि काही रक्कम स्त्री-इतिहासाच्या अभिलेखागाराला द्यायची आहे : अटींबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या दिवंगत आईची कागदपत्रे स्त्रियांच्या इतिहासाचे दस्तऐवज जपणाऱ्या संस्थेकडे सोपवावीत आणि सोबत तिच्या ठेवीतली काही रक्कमही द्यावी, असे आम्हा भावंडांचे ठरले आहे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकात मुंबईत निघालेल्या महागाईविरोधी लाटणे मोर्चांत आई असे. पुढे तिने गोरेगावात बायकांसाठी सल्लाकेंद्र चालवले. त्यामुळे रोजनिश्या, सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, सायक्लोस्टाइल पत्रके, कॅसेट आणि भरपूर पत्रव्यवहार मागे राहिला आहे. दहिसरची ‘स्पॅरो’ ही स्त्रियांविषयीच्या दस्तऐवजांची संस्था १९८८ पासून आणि एसएनडीटी विद्यापीठाचे स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र १९७४ पासून कार्यरत आहे, तेव्हा मुंबईत द्यायला जागा आहेत. प्रश्न आहे तो अटींचा.

खरी अडचण पत्रांची आहे. मारहाण, हुंड्यासाठी छळ, टाकून दिलेपण यांविषयी बायकांनी आईला विश्वासाने लिहिलेली ही पत्रे आहेत. कागद आमचा असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणारीचा, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या वारसांचा. शिवाय यांतल्या काहीजणी आज त्याच घरांत आजीपणाने नांदत असतील. धाकटा भाऊ म्हणतो, फाडून टाकावीत. मला ते मान्य नाही, कारण मोर्चांच्या बातम्या जुन्या वर्तमानपत्रांत सापडतील, पण स्वयंपाकघरात काय चालले होते हे या पत्रांशिवाय दुसरीकडे कुठेही नोंदलेले नाही. ठरावीक वर्षे ती मोहोरबंद ठेवण्याची किंवा अभ्यासकांना नावे झाकून दाखवण्याची अट दानपत्रात घालता येते का? अशी मुदत साधारण किती ठेवतात, आणि आमच्या पश्चात परवानगी देण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

पैशांबाबत बहिणीचा आग्रह आईच्या नावाने कायम निधी ठेवण्याचा आहे, ज्यात मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरले जाते. आमची रक्कम पाहता ते व्याज किरकोळच असेल. सूची करणे, आम्लविरहित खोकी आणणे, कॅसेटचे अंकीकरण (डिजिटायझेशन) करणे हा खर्च आत्ताच होणारा आहे (फिती तर दरवर्षी खराब होत चालल्या आहेत), म्हणून ही रक्कम या कामावरच खर्च व्हावी, असे मला वाटते. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी आमची धडपड नाही. कागदपत्रांसारख्या वस्तुरूप दानाला ती मिळतही नाही. मात्र अर्धी रक्कम या संग्रहावर आणि अर्धी संस्थेला योग्य वाटेल त्या दुसऱ्या संग्रहावर, असे लेखी देता येईल का? अशी वाटणी संस्थेला जाचक तर होत नाही ना?

इमारत पुनर्विकासाला जात असल्याने दिवाळीपूर्वी ट्रंका हलवायच्या आहेत. आईने लावलेला क्रम मोडायचा नाही, एवढे आम्ही पाळले आहे. गंजलेल्या टाचण्या आम्हीच काढाव्यात की तसेच सुपूर्द करावे? ज्यांनी घरातली कागदपत्रे अशा संस्थेला दिली आहेत, त्यांनी आपल्या दानपत्रातील कलमे कशी लिहिली होती हे सांगितल्यास फार उपयोग होईल.