लिनक्सवर आरटी (रिअल-टाइम) कर्नल टाकूनही ऑडिओत खटके का येतात?

तानपुरा२४:
इंटेल स्कायलेक लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस, पाइपवायर (लिनक्सचा ऑडिओ सर्व्हर). ४८,००० हर्ट्झ, बफर १२८ सॅम्पल. दर मिनिटाला एखादा खटका येतो आणि पाइपवायरच्या पीडब्ल्यू-टॉप या साधनात ईआरआरचा (चुकांचा) आकडा वाढतो. सीपीयू १५ टक्क्यांच्या आत. ६.१२ आरटी कर्नलनेही फरक पडला नाही. बफर ५१२ केला की खटके कमी होतात, पण गाताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो.

खर्ज:
१२८ सॅम्पल म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळी फेरी उरकायला हवी. आधी एसएमआय (फर्मवेअरचा व्यत्यय) तपासा. तो आला की फर्मवेअर सगळे कोअर ताब्यात घेतं, आरटी कर्नलही त्याला अडवू शकत नाही. रूटने (प्रशासक म्हणून) एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे असे व्यत्यय शोधणारं साधन १२० सेकंद चालवा, मर्यादा १० मायक्रोसेकंद. सोबत टर्बोस्टॅट या सीपीयूची स्थिती दाखवणाऱ्या साधनाचा एसएमआय रकाना बघा. आकडे शेकड्यांत गेले तर बायॉस अपडेट करा आणि त्यातला लेगसी यूएसबी सपोर्ट बंद करून पुन्हा मोजा.

तानपुरा२४:
कमाल १४ मायक्रोसेकंद, एसएमआय ०. सायक्लिकटेस्टही (कामाला उठायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) ४० मायक्रोसेकंदांच्या खाली. खटके तसेच.

षड्ज:
सायक्लिकटेस्टचा तो आकडा इथे फसवा आहे. चालू असेपर्यंत तो स्वतःच सीपीयूला गाढ झोपू देत नाही, म्हणजे दुखणं झाकूनच मोजतो. 'डिफॉल्ट-सिस्टिम' पर्याय देऊन पुन्हा चालवा. स्कायलेकला सी-१० मधून (सर्वात गाढ झोपेतून) उठायला कर्नलच्या तक्त्यात ८९० मायक्रोसेकंद धरलेत, तुमच्या मुदतीचा तिसरा हिस्सा! शिवाय इंटरप्ट, पाइपवायर, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम असं एकाच फेरीत अनेकदा उठावं लागतं. सीपीयूवर मुद्दाम भार टाकल्यावर खटके कमी झाले, तर कारण हेच समजा.

उपाय: डेव्ह फोल्डरमधल्या सीपीयू-डीएमए-लेटन्सी फाइलमध्ये २० लिहा (म्हणजे उठायला २० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त लागेल अशी झोप नको, ही विनंती) आणि फाइल उघडी ठेवा. एको कमांडने लिहिलं तर फाइल लगेच बंद होते आणि विनंतीही रद्द होते, म्हणून छोटी पायथन स्क्रिप्ट रेकॉर्डिंग संपेपर्यंत चालू ठेवा. ० लिहू नका, कोअर सतत फिरत राहून लॅपटॉप तापतो. २० नेही बॅटरी जास्त खर्च होईल, चार्जर लावून बसा.

खर्ज:
बरोबर, हे माझ्याकडून राहिलं. एवढ्यानेही थांबलं नाही तर एलएसयूएसबी कमांडने यूएसबी जोडण्यांचा झाडासारखा नकाशा काढा. इंटरफेस वेबकॅमच्या हबवर असेल तर दुसऱ्या पोर्टला, थेट लावा. ऑटोसस्पेंडच्या (रिकामं यूएसबी उपकरण आपोआप झोपवण्याच्या) मागे लागू नका, आवाज चालू असताना ते लागूच होत नाही.